स्पोर्ट्स कारचा कूलंट होज फुटला तर: नवख्या मालकांसाठी

कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, होज फुटल्यावर इंजिन वाचतं की जातं, हे पहिल्या दोन-तीन मिनिटांत ठरतं. आणि नवा होज टिकतो की परत फुटतो, हे जुना होज फेकण्याआधी तुम्ही तो किती नीट पाहिला यावर ठरतं. बहुतेक नवे मालक या दोन्ही टोकांकडे दुर्लक्ष करून मधल्या कामावर, म्हणजे होज बदलण्यावर, सगळा जोर लावतात. ते काम खरं तर सगळ्यात सोपं आहे. एक रबराची नळी आणि दोन क्लॅम्प. त्यामुळे इथे बदलण्याची रीत सांगितलीच आहे, पण जास्त वेळ त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या गोष्टींवर घालवला आहे.

होजमध्ये नक्की काय चाललेलं असतं

कूलंटची यंत्रणा म्हणजे दाबाखाली चालणारं बंद चक्र. वॉटर पंप कूलंट फिरवतो, साधारण ८२ ते ९५ अंश सेल्सिअसला थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानावर उघडणारी झडप, उघडतो आणि गरम कूलंट रेडिएटरकडे जातं. रेडिएटरच्या किंवा एक्स्पान्शन टाकीच्या झाकणावर ०.९ ते १.४ बार असा काहीतरी आकडा लिहिलेला असतो. तेवढा दाब आत मुद्दाम राखलेला असतो, कारण दाब वाढला की उकळबिंदू वर सरकतो. साधं पाणी उघड्यावर १०० अंशांना उकळतं, १ बार जादा दाबाखाली मात्र १२० अंशांना. निम्मं इथिलीन ग्लायकॉल आणि निम्मं पाणी असेल तर तीच मर्यादा १२५ ते १३० अंशांपर्यंत जाते.

होज फुटला की कूलंट सांडतं हे सगळ्यांना दिसतं. दाबही त्याच क्षणी जातो, हे मात्र पटकन ध्यानात येत नाही. मघापर्यंत ११० अंशांना निवांत फिरणारं उरलेलं कूलंट दाब जाताच उकळायला लागतं. टाचणीएवढ्या भोकातूनही वाफेचा एवढा मोठा लोट का येतो, त्याचं कारण हेच.

साध्या गाडीत इंजिन पुढे, रेडिएटर त्याच्या नाकासमोर आणि होज हातभर लांबीचे. स्पोर्ट्स कारमध्ये हा हिशोब बदलतो. टोयोटा एमआर२, लोटस एलिस, पोर्शे बॉक्स्टर, होंडा एनएसएक्स या गाड्यांत इंजिन सीटच्या मागे आणि रेडिएटर पुढे. मधलं सगळं अंतर कूलंट गाडीच्या पोटाखालून किंवा सिलमधून (दाराखालच्या पोकळ पट्टीतून) जाणाऱ्या लांब पाइपांतून कापतं. पोर्शे ९११ तर १९९७ च्या ९९६ पिढीपर्यंत हवेनेच थंड व्हायची. पाणी आलं तेव्हा इंजिन होतं तिथेच, मागे राहिलं आणि रेडिएटर पुढच्या दोन कोपऱ्यांत गेले. एवढी लांबी म्हणजे जास्त सांधे, आणि गळती बहुतेक वेळा सांध्यांतच. त्यात टर्बो असेल तर त्याला थंड ठेवणाऱ्या बारक्या नळ्या लालबुंद होणाऱ्या धातूपासून काही बोटांवर असतात. इंजिनची खोली गच्च भरलेली, हवा खेळायला जागा कमी, आणि गाडी वर्षातून मोजकीच चालते. रबर किलोमीटर मोजत नाही. उष्णता आणि वय मोजतं. म्हणून ‘फक्त वीस हजार चाललीय’ या वाक्याला होजच्या बाबतीत फारसा अर्थ नाही.

काट्यावर विसंबू नका

बऱ्याच गाड्यांत तापमानाचा काटा मुद्दाम असा बसवलेला असतो की बऱ्याच मोठ्या टप्प्यात तो मधोमध स्थिर राहतो. चालकाला उगाच काळजी वाटू नये म्हणून. तो मध्यावरून हलला की तुमच्या हातातला बराच वेळ आधीच गेलेला असतो.

त्याहून फसवी गोष्ट म्हणजे, कूलंट बरंच निघून गेलं की सेन्सर कोरडा पडतो. मग तो धातूचं नाही, आजूबाजूच्या हवेचं किंवा वाफेचं तापमान सांगतो, आणि काटा चक्क खाली येऊ शकतो. इंजिन भाजत असताना काटा उतरतोय म्हणून हायसं वाटून गाडी पुढे रेटणारे लोक असतात, आणि हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं धातूचं झाकण, वाकून बसतं.

म्हणून इतर खुणा ओळखायला शिका. कूलंटला गोडसर वास असतो; एकदा ओळखलात की विसरणार नाही. हीटर चालू असताना अचानक गार हवा यायला लागली तर हीटरपर्यंत कूलंट पोचत नाहीये. काचेवर आतून चिकट, धूसर थर बसत असेल आणि पुढच्या सीटखालचा गालिचा ओलसर लागत असेल, तर हीटर कोअर (हीटरमधला छोटा रेडिएटर) किंवा त्याचे होज गळतायत. गाडी उभी असते तिथे जमिनीवर रंगीत डाग, होजच्या टोकाशी पांढरट किंवा गुलाबी-हिरवी वाळलेली पापुद्रं, टाकीतली पातळी दर आठवड्याला थोडी खाली: हे सगळं फुटण्याआधीचं बोलणं आहे. इंजिन मागे असलेल्या गाडीत वाफ तुम्हाला समोर दिसणारच नाही. ती आरशात दिसते, किंवा मागचा माणूस लाइट मारून सांगतो.

पहिली दोन-तीन मिनिटं

ॲक्सिलरेटरवरून पाय अलगद काढा. अलगद म्हणतोय ते उगाच नाही. सांडलेलं कूलंट अतिशय निसरडं असतं, आणि मधल्या किंवा मागच्या इंजिनाच्या गाडीत ते थेट मागच्या चाकांखाली येतं. वळणावर असाल, घाबरून ब्रेक दाबलात किंवा झटक्यात पाय उचललात, तर गाडीची शेपूट फिरायला वेळ लागत नाही. स्टिअरिंग सरळ करा, मग वेग कमी करा.

आता एक निर्णय पटकन घ्यायचा आहे. काटा नुसता वर चढतोय, पण वाफ नाही, पातळीचा दिवा नाही, गाडी नीट ओढतेय, म्हणजे कूलंट अजून आत आहे. अशा वेळी एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा पूर्ण वेगावर टाका. हीटर हा छोटा रेडिएटरच आहे, थोडी उष्णता तो नक्की ओढून घेतो. इंजिनवर जोर न देता सुरक्षित जागा गाठा. पण वाफेचा लोट दिसला, कूलंट पातळीचा लाल दिवा लागला किंवा हीटर गार पडला, तर आत फिरवायला काही उरलेलं नाही. तिथे हीटरही उपयोगाचा नाही. गाडी कडेला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा. ‘पुढच्या चौकापर्यंत जाऊ’ हा विचार सगळ्यात महागात पडतो, कारण ॲल्युमिनियमचं हेड वाकायला मिनिटं लागतात, तास नाही.

ट्रॅकवर असाल तर पिटपर्यंत गाडी ओढत नेऊ नका. सगळ्या वळणांवर कूलंट शिंपडत गेलात तर मागून येणाऱ्यांचा जीव धोक्यात येतो. रेसिंग लाइन सोडा, मार्शलच्या जवळ बाजूला थांबा. अनेक ट्रॅकवर आणि शर्यतींत ग्लायकॉलला बंदी असते आणि नुसतं पाणी, गंजरोधक आणि पाण्याचा पृष्ठताण कमी करणारं द्रव्य एवढंच चालतं, ते याचसाठी.

थांबल्यावर उतरा, गाडीपासून दोन पावलं दूर उभे राहा आणि धूर आहे की वाफ ते बघा. वाफ पांढरी, विरून जाणारी. धूर दाट आणि जळका वास असलेला असेल तर अग्निशामक हातात घ्या. ‘कूलंट म्हणजे पाणीच, ते कसं पेटेल’ हा गैरसमज आहे. तापलेल्या एक्झॉस्टवर सांडल्यावर त्यातलं पाणी आधी उडून जातं, मागे ग्लायकॉल राहतं, आणि ग्लायकॉल जळतं. धुराचा संशय असेल तर इंजिनावरचं झाकण (बॉनेट) सताड उघडू नका, आत एकदम हवा मिळते.

कूलंटचं झाकण या वेळी उघडायचं नाही. फडकं धरूनही नाही, थोडंसं सैल करूनही नाही. उकळतं कूलंट चेहऱ्यावर आणि हातांवर येतं. अर्धा-पाऊण तास तरी थांबा, आणि वरचा होज उघड्या हाताने आरामात धरता येईपर्यंत झाकणाला हात लावू नका. इंजिन बंद असलं तरी विजेवर चालणारा पंखा आपोआप सुरू होऊ शकतो, बोटं त्याच्या आसपास नकोत.

आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका. धातूला तडा जातो.

गळती शोधा, मग ठरवा

इंजिन निवलं की टॉर्च घेऊन ओल कुठून सुरू होते ते बघा. कूलंट उडतं, वाऱ्याने मागे जातं, खाली ओघळतं. म्हणून जिथून थेंब पडतोय तिथे नाही, जिथे सगळ्यात वर ओलं आहे तिथे शोधायचं. लांब पाइपांच्या गाडीत पोटाखालचा पत्रा किंवा प्लॅस्टिकचं आवरण कूलंट साठवून ठेवतं आणि भलत्याच जागी सोडतं. तिथे रस्त्यावर वाकून काही कळत नाही, वेळ घालवू नका.

टोकाशी फाटलेला होज असेल आणि तो थोडा लांब असेल, तर फाटलेला तुकडा कापून टोक पुन्हा चढवता येतं. हीटरचा होज फुटला असेल तर येणारी आणि जाणारी नळी एका जोडनळीने एकमेकींना जोडून हीटरच चक्रातून बाजूला काढता येतो. मधोमध चीर असेल तर स्वतःला चिकटणारी सिलिकॉन टेप वापरा. होज पूर्ण कोरडा आणि स्वच्छ पुसा, टेप चांगली ताणून प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा चढेल अशी गुंडाळा, आणि चिरेच्या दोन्ही बाजूंना पुरेशी पुढे न्या. साधी इन्सुलेशन टेप इथे काही कामाची नाही. मग टाकी भरा. डिस्टिल्ड पाणी नसेल तर पिण्याचं पाणी चालेल. नंतर काढून टाकायचंच आहे.

हा जुगाड सपाट रस्त्याने, कमी आरपीएमवर, जवळच्या गॅरेजपर्यंत जाण्यापुरता. दर काही किलोमीटरला थांबून बघायचं. टर्बोजवळची नळी, कडक प्लॅस्टिकचा तुटलेला सांधा किंवा पोटाखालचा पाइप असेल तर टेपच्या नादी न लागता टोइंग बोलवा. माझं स्पष्ट मत: तापमानाचा काटा एकदा लाल पट्ट्यात जाऊन आला असेल, तर जुगाड जमला तरी गाडी चालवू नये.

टोइंगसाठी फ्लॅटबेडच मागा, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर घेणारा ट्रक. पुढची दोन किंवा मागची दोन चाकं उचलून नेणारं वाहन मागची चाकं किंवा चारही चाकं चालवणाऱ्या गाडीच्या गिअरबॉक्सची वाट लावू शकतं. गाडी बुटकी आहे हे फोनवरच सांगा, म्हणजे चढवायला लाकडी फळ्या किंवा लांब रॅम्प आणतील. ओढण्याची कडी टूलकिटमध्ये असते. बंपरमधलं छोटं झाकण काढून ती आट्यांवर फिरवून बसवायची. काही गाड्यांत तिचे आटे उलटे असतात, फिरत नाही म्हणून जबरदस्ती करू नका.

स्टॉप-लीकची (कूलंटमध्ये ओतून गळती बुजवायच्या द्रव्याची) बाटली कुणी हातात दिली तर परत करा. फुटलेल्या होजला ती काही करत नाही, हीटर कोअर आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या मात्र चोंदवते.

जुना होज वाचा

होज काढला की लगेच फेकू नका. चांगल्या उजेडात धरा, लांबीत चिरून आतूनही बघा. होज विनाकारण फुटत नाही, आणि कारण बहुतेक वेळा त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं.

टोकापासून साधारण ५ सेंटिमीटरच्या आत, लांबीच्या दिशेने बारीक चिरा, आणि त्या आतून सुरू झालेल्या: हा विद्युतरासायनिक झिजेचा प्रकार आहे. दोन्ही टोकांना धातू आणि मध्ये जुनं झालेलं कूलंट म्हणजे एक प्रकारची बॅटरीच तयार होते आणि रबर आतून कुरतडलं जातं. बाहेरून होज नवाकोरा दिसतो. म्हणून तपासताना गार इंजिनवर होजची टोकं अंगठा आणि बोटात दाबायची, आणि मग मधला भाग दाबायचा. टोकं जास्त मऊ लागली किंवा आत खाच जाणवली, तर तो होज संपला. ही झीज दिसली तर कूलंट बरीच वर्षं बदललेलं नाही असा अंदाज बांधा. मल्टिमीटर असेल तर त्याची काळी टोचणी बॅटरीच्या ऋण टोकाला लावा आणि लाल टोचणी धातूला न लावता कूलंटमध्ये बुडवा. ०.३ व्होल्टच्या वर आकडा दिसला तर कूलंट थकलंय किंवा इंजिनाचं अर्थिंग सैल आहे, दोन्ही बघा.

होज फुगलेला, चिकट, स्पंजासारखा झाला असेल तर त्यावर तेल पडतंय. कूलंटचे बहुतेक मूळ होज ईपीडीएम रबराचे असतात. ते उष्णता आणि ग्लायकॉल छान सोसतं, पण तेलाशी त्याचं वैर आहे. वर कुठेतरी व्हॉल्व्ह कव्हरचं (इंजिनाच्या माथ्यावरच्या आवरणाचं) गॅस्केट झिरपत असणार. ते न बदलता नवा होज बसवलात तर तोही त्याच वाटेने जाईल.

उलट कडक, चकाकणारा, वाकवल्यावर करकरणारा होज बाहेरच्या उष्णतेने भाजलेला असतो. एक्झॉस्टवरचं उष्णतारोधक आवरण जागेवर आहे का, होजवर मुळात एखादी चंदेरी बाही होती आणि मागच्या कुणी मेकॅनिकने ती परत घातली नाही का, ते बघा. असं फार वेळा होतं.

एका बाजूने घासून झिजलेला असेल तर तो कशाला तरी टेकत होता. ब्रॅकेट तुटलंय किंवा इंजिन माउंट (इंजिनाचा रबरी आधार) बसलंय. माउंट ढिलं असेल तर प्रत्येक गिअर बदलताना इंजिन डुलतं आणि होज टोकाशी ओढला जातो. अशा वेळी फाटही क्लॅम्पला लागूनच दिसते. क्लॅम्पच्या पट्टीच्या खाचा रबरात रुतल्या असतील तर मात्र कुणीतरी तो गरजेपेक्षा जास्त आवळला होता, एवढंच.

थंड इंजिनवर खालचा होज चपटा झालेला सापडला तर झाकणातला निर्वात व्हॉल्व्ह अडकलाय. इंजिन निवताना कूलंट आकुंचन पावतं, टाकीतून परत यायला वाट मिळत नाही, आणि होज आत ओढला जातो. झाकण बदला. ते स्वस्त आहे, तरी लोक दहा-दहा वर्षं तेच वापरतात.

आणि शेवटची शक्यता, जी कुणालाच नको असते. होज तसा तरुण, रबर चांगलं, तेल नाही, घासणं नाही, आणि तरी मधोमध फाटला किंवा सांध्यातून निसटून उडाला. म्हणजे आतला दाब मर्यादेच्या वर गेला होता. एक तर झाकणाचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह जाम आहे, नाही तर हेड गॅस्केटमधून (हेड आणि इंजिनाच्या मधल्या सीलमधून) सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये घुसतोय. नवा होज बसवल्यावर पूर्ण थंड इंजिन सुरू करून बघा: कूलंट अजून गरम व्हायच्या आत, मिनिटा-दोन मिनिटांत वरचा होज दगडासारखा टणक झाला, तर गॅस्केटचा संशय पक्का धरा. गॅरेजमध्ये निळ्या द्रावणाची चाचणी करतात. टाकीवरची हवा त्यातून ओढल्यावर ते पिवळं पडलं तर ज्वलनवायू आत आहे.

काही फुटणी गाडीच्या रचनेतच असतात. पोर्शे ९९६ आणि ९९७ च्या टर्बो, जीटी२ आणि जीटी३ मध्ये कूलंटचे काही पाइप ॲल्युमिनियमच्या घडणीत चक्क गोंदाने चिकटवलेले आहेत. वयाने गोंद सुटतो आणि पाइप निसटतो. त्यावर इलाज म्हणजे ते वेल्ड करणं किंवा पिनने अडकवणं. तिथे होज बदलून काहीच साधत नाही. तुमच्या मॉडेलची अशी ठरलेली दुखणी काय आहेत, ते काम सुरू करण्याआधी शोधून ठेवा.

रबर की सिलिकॉन

रस्त्यावरच्या गाडीला मूळ मापाचा, साच्यात घडवलेला ईपीडीएम होज घ्या. सिलिकॉनचे रंगीत होज दिसायला देखणे असतात आणि जास्त उष्णता सोसतात, टर्बोच्या आसपास त्यांचा खरा उपयोग आहे. पण तेल त्यांनाही चालत नाही. त्यांच्यातून पाण्याची वाफ हळूहळू बाहेर जाते, त्यामुळे पातळी जरा जास्त वेळा बघावी लागते, आणि साध्या खाचांच्या क्लॅम्पने ते कापले जातात. सिलिकॉन घेतलात तर आतून गुळगुळीत पट्टीचे क्लॅम्पही घ्यावेच लागतात.

मूळ स्प्रिंग क्लॅम्पला लोक उगाच हिणवतात. होज गरम होऊन फुगतो, गार होऊन आवळतो, आणि स्प्रिंग त्याच्यासोबत हलत आपली पकड कायम ठेवते. स्क्रूच्या क्लॅम्पला ते जमत नाही. ताण गेलेला नसेल तर स्प्रिंग क्लॅम्पच परत लावा.

सरळ नळी वाकवून वळणावर बसवायचा मोह टाळा. ती आतून दुमडते आणि प्रवाह अडतो. खालच्या होजमध्ये आत तारेची स्प्रिंग होती का तेही बघून ठेवा. होती तर नव्यातही हवी.

बसवताना

गाडी पूर्ण थंड. बुटक्या गाडीखाली जॅक सरकत नाही, म्हणून आधी फळ्यांवर चढवा, मग ठरवून दिलेल्या जागीच जॅक लावा आणि स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही. पोटाखालचं आवरण काढताना स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे निघतील. कुठला कुठे, त्याचा फोटो काढा. होजचा आणि क्लॅम्पच्या तोंडाच्या दिशेचाही फोटो काढून ठेवा, कारण बसवताना नेमकं तेच आठवत नाही.

खाली रुंद घमेलं ठेवून कूलंट काढा. इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि गोड लागतं. कुत्र्या-मांजरांना थोडंसंही घातक ठरतं. सांडलेलं लगेच धुवा, जुनं बंद डब्यात भरून गॅरेजच्या टाकाऊ द्रव्यांत द्या, गटारात नको.

क्लॅम्प पकडीने दाबून मागे सरकवा आणि होज आधी पिळा, मग ओढा. तोंडात स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. रेडिएटरचं प्लॅस्टिकचं तोंड मोडलं की खर्च कुठल्या कुठे जातो. होज जायचाच आहे, तर लांबीत चिरून सोलून काढा, फक्त ब्लेडचा ओरखडा खालच्या नळीवर उठू देऊ नका. तो ओरखडाच उद्याची गळती असतो. नळीचं तोंड बारीक घासकागदाने साफ करा. ॲल्युमिनियमला खड्डे पडले असतील तर तिथे कुठलाही क्लॅम्प पुरा पडणार नाही, तो भाग बदलावा लागेल.

नवा होज चढवताना टोकाला कूलंट किंवा साबणाचं पाणी लावा. ग्रीस किंवा तेल नाही. कारण वर आलंच आहे. होजवर आणि नळीवर जुळवण्याच्या खुणा असतील तर त्या समोरासमोर आणा, आणि होजला पीळ पडलेला नाही ना ते बघा. नळीच्या तोंडाशी एक उंचवटा असतो. क्लॅम्प त्या उंचवट्याच्या आत, म्हणजे इंजिनच्या किंवा रेडिएटरच्या बाजूला, आणि होजच्या टोकापासून काही मिलिमीटर अलीकडे बसायला हवा. तो उंचवट्यावरच बसला तर आज गळणार नाही, पहिल्यांदा जोरात चालवाल त्या दिवशी होज निसटेल. स्क्रूचा क्लॅम्प रबर खाचांतून वर यायला लागेपर्यंत आवळू नका.

खटकन बसणारे प्लॅस्टिकचे सांधे असतील तर आतली ओ-रिंग नवीन घाला, तिला कूलंट किंवा सिलिकॉन ग्रीसचं बोट लावा, आवाज येईपर्यंत दाबा आणि मग ओढून खात्री करा. तारेची क्लिप अर्धवट बसलेली असते आणि हाताला पक्की वाटते, त्यामुळे ओढून बघणं टाळू नका.

भरणं आणि हवा काढणं

कूलंट रंगावरून निवडू नका. रंग प्रत्येक कंपनीचा वेगळा, त्याला काही नियम नाही. गाडीच्या पुस्तकातलं मानक बघा. कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं) असेल तर डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं मिसळा. ग्लायकॉल जास्त घातलं की थंडावा वाढतो असं नाही, उलट पाणीच उष्णता जास्त चांगली वाहून नेतं.

लांब पाइपांच्या गाडीत खरी कसोटी इथे लागते. वरून ओतत राहिलात तर हवा उंच वळणांत अडकून बसते, आणि सगळं नीट बसवूनही गाडी परत तापते. प्रत्येक मॉडेलला हवा काढायचे स्क्रू वेगळ्या जागी असतात. काही गाड्या पुढून उचलाव्या लागतात, काही मागून. इथे अंदाजाने चालत नाही, सर्व्हिस मॅन्युअल उघडाच. शक्य असेल तर निर्वात भरणी करून घ्या: पंपाने सगळी हवा ओढून घेतात, पंपावरचा दाबाचा काटा काही मिनिटं स्थिर राहतो का बघतात आणि मग कूलंट आत खेचलं जातं. हवेचा प्रश्नच संपतो. यावर गॅरेजला पैसे देणं मला तरी पटतं. तरीही त्यानंतर दाबाची चाचणी हवीच, कारण निर्वातात काही चिरा आत ओढल्या जाऊन मिटतात आणि दाबाखाली उघडतात. हातपंपाने झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत, त्याच्या वर नाही, न्या आणि दहा-पंधरा मिनिटं बघा.

हाताने भरत असाल तर हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू करा, हवेच्या स्क्रूंमधून बुडबुड्यांशिवाय धार येईपर्यंत थांबा आणि ते बंद करा. मग झाकण लावून पंखा निदान दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत चालवा. हीटरमधून सतत गरम हवा यायला हवी, आणि त्याच्या दोन्ही नळ्या गरम लागायला हव्यात. एक गरम, एक गार असेल तर हवा अजून आत आहे.

पुढचे काही दिवस

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी गार असताना, पातळी बघा. थोडी खाली गेली असेल तर घाबरू नका, राहिलेली हवा निघाली. त्यानंतरही रोज खाली जात असेल तर गळती आहे. दोन-तीनदा गाडी गरम-गार झाल्यावर स्क्रूचे क्लॅम्प पुन्हा तपासा, विशेषतः सिलिकॉनवरचे. इंजिन खूप तापलं असेल तर तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय जमतेय का, एक्झॉस्टमधून गोड वासाची पांढरी वाफ येत राहते का, याकडे महिनाभर लक्ष ठेवा आणि कॉम्प्रेशन एकदा मोजून घ्या. रस्त्यावर साधं पाणी भरलं असेल तर ते या कामात पूर्ण निघालंय ना, हे रिफ्रॅक्टोमीटरने (कूलंटमधलं ग्लायकॉलचं प्रमाण दाखवणाऱ्या उपकरणाने) बघता येतं.

एक होज वयाने गेला असेल तर बाकीचे त्याच वयाचे आहेत. सगळे एकदम बदलायला हात आखडत असेल, तर निदान इंजिन खाली उतरवल्याशिवाय हात न पोचणारे होज आत्ताच मागवून ठेवा. क्लच बदलायला किंवा आणखी कशासाठी इंजिन उतरेल तेव्हा त्यांची मजुरी वेगळी पडत नाही. समोर हात पोचणारे होज केव्हाही बदलता येतात.